हॉटेल छोटं, गँग मोठी!

मिहानच्या कॅन्टीनमध्ये ठरलेली ट्रिप पणजीच्या एका रंगीत गल्लीत कशी पोचली, त्याची ही गोष्ट. आणि हो, तुमच्या पुढच्या ग्रुप ट्रिपसाठी थोडी उसनी अक्कलसुद्धा!

"ठरलं म्हणजे ठरलं!"

आमच्या ऑफिसमधली प्रत्येक ट्रिप या तीन शब्दांनी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. दुपारची वेळ, कॅन्टीनचं गच्च भरलेलं टेबल, बाहेर मिहानचे ते लांबच लांब रिकामे रस्ते आणि डोक्यावरून खाली उतरणारं विमान. रोज विमानं इतक्या जवळून बघायची आणि स्वतः मात्र खापरी स्टेशनवरून मेट्रो पकडून घरी जायचं, यासारखा छळ नाही राव! त्यामुळे 'कुठेतरी जाऊ या'चा किडा आमच्याकडे बारा महिने वळवळत असतो.

यंदा मात्र कारण पक्कं होतं. आमचा टीम लीड, ज्याला सगळे 'भाऊ' म्हणतात, त्याची चेन्नईला बदली झाली होती. जायच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं, एवढं नक्की. आठ डोकी. भाऊ आणि वहिनी, एचआरवाली, सपोर्टमधल्या दोघी, आमचा टेस्टर, नवीन लागलेला फ्रेशर आणि मी. हॉटेल शोधायचं काम एकमताने माझ्याकडे आलं. कौतुकाने नव्हे, शिक्षा म्हणून!

गेल्या वर्षीचं पाप

झालं होतं असं. आदल्या वर्षी आम्ही एका दूरच्या शहरात गेलो होतो. हॉटेल मीच निवडलं होतं, फक्त फोटो बघून. कमानी, कंदील, मधोमध कारंजं... एकदम राजेशाही! पोचल्यावर कळलं की कारंजं फोटोपुरतंच चालतं, कमानी प्लास्टरच्या आहेत आणि आमच्या चार खोल्या तीन वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. लिफ्ट नाही. भाऊच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. बिचारा एकेक पायरी मोजत चढायचा.

पण खरी गोष्ट मला चार महिन्यांनी कळली. नाश्ता भाड्यात धरलेला नव्हता. बुफे होता, आणि चांगलाच महाग. आम्ही कार्ड पुढे करून मोकळे. फ्रेशर मात्र तिन्ही दिवस "पोट बिघडलंय" म्हणून खाली आलाच नाही. तो तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होता, पगाराचा मोठा हिस्सा गावी जायचा. पोट ठणठणीत होतं. तो कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा-बिस्किट खाऊन यायचा. हे मला त्याने सांगितलं नाही, सपोर्टमधल्या एकीने सांगितलं. ऐकून तोंडातला घास फिरला माझ्या.

आणि यंदा ट्रिपचा विषय निघताच तो म्हणाला, "दादा, तुम्ही जाऊन या. माझं घरी काम हाये."

काम कसलं ते मला कळलं होतं. त्यामुळे या वेळी हॉटेल निवडायचं म्हणजे गाद्या-पडदे निवडायचे नव्हते. कोण येऊ शकेल आणि कोणाला गुपचूप मागे राहावं लागेल, हे ठरवायचं होतं.

डब्यातल्या चिठ्ठ्या

आपल्याकडे पैशांबद्दल सगळ्यांसमोर बोलणं म्हणजे महासंकट. "बजेट किती?" असं विचारलं की सगळ्यात जास्त पगारवाला आधी बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. म्हणून एक साधी आयडिया केली. प्रत्येकाने 'एका रात्रीचे मी जास्तीत जास्त इतके देईन' हा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, नाव न घालता, आणि माझ्या रिकाम्या टिफिनमध्ये टाकायचा. सरासरी काढायची नाही. सगळ्यात छोटा आकडा तीच आपली मर्यादा!

डबा उघडला. सगळ्यात मोठा आकडा ४,०००, सगळ्यात छोटा १,१००. टेस्टर ओरडला, "अकराशेत काय भेटून राहिलं बे?" पण चिठ्ठी कोणाची, असं कोणीही विचारलं नाही. नियमच तसा होता. दुसऱ्या दिवशी फ्रेशर जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, घरचं काम पुढे ढकलता येते." बस्स, अर्धी लढाई तिथेच जिंकली!

बीच नको, शहर हवं

गोवा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बीच येतो. पण ऑगस्टच्या पावसात समुद्रात उतरायचं नसतंच. मग पणजीच का नको? चालत हिंडता येईल एवढं छोटं शहर, हातात छत्री, कोपऱ्याकोपऱ्यावर बेकरी. मुक्काम कुठे, तर फोंताइन्यासमध्ये.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी, उरेंच्या खाडीच्या अलीकडे ही जुनी वस्ती आहे. तिथल्या झऱ्यावरून तिला हे पोर्तुगीज नाव पडलं. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, लाकडी गॅलऱ्या, दारावर निळ्या-पांढऱ्या टाइलवर रंगवलेली नावं. पोर्तुगीजांच्या काळात पावसाळा संपला की घर रंगवायचंच आणि पांढरा रंग फक्त चर्चचा, असा दंडक होता असं सांगतात. सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल १८८० सालचं. त्यातला ख्रिस्ताचा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता, आणि या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. एकदा पाहिले की विसरता येत नाहीत.

अशा जुन्या घरांची हॉटेलं करायचा फंडा तसा जगभरचा. स्पेनने १९२८ मध्ये सरकारी 'पारादोर' सुरू केले, पोर्तुगालने १९४२ मध्ये एल्वासला पहिली 'पोसादा' उघडली. फोंताइन्यासमध्ये 'पणजिम इन' हे या प्रकारातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव, एकोणिसाव्या शतकातल्या घरातलं. त्यांच्याच 'पीपल्स' नावाच्या इमारतीत तर पूर्वी शाळा भरायची! आमच्या डब्यातल्या आकड्यात ते बसत नव्हतं. पण गल्लीत पाच-सहा खोल्यांची घरगुती गेस्ट हाउसेसही असतात. मी त्यांच्या मागे लागलो.

इंटरव्ह्यू माझाच झाला!

या वेळी फोटोंवर विश्वास ठेवायचा नाही, अशी शपथ घेतली होती. थेट फोन लावले. तिसऱ्या फोनवर एक वयस्क आंटी आल्या. मी प्रश्नांची यादी काढून बसलो, तर त्यांनीच माझी उलटतपासणी सुरू केली.

"किती जण पुता? बायका किती? दारू पिऊन गाणी लावता काय? वर माझी शेजारीण राहते, पंच्याऐंशी वर्षांची. रात्री दहानंतर आवाज नाही चालत. चालत असेल तर सांग, नाही तर दुसरीकडे बघ."

मी एकदम खूश! जी बाई पैसे मिळत असताना 'नाही' म्हणू शकते, ती खोलीबद्दल खोटं कशाला बोलेल? आणि झालंही तसंच. "तळमजल्याची एकच खोली आहे, पण बाथरूमला एक पायरी आहे. वरच्या तीन खाटांच्या खोलीत पावसात भिंतीला थोडी ओल येते, वास येतो. आवडला नाही तर पंखा लावून देते, दुसरं काही करू शकत नाही." एवढं खरं मला कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळालं नव्हतं.

मी तिला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ मागितला. पण सजवलेल्या खोलीचा नाही, तर दारापासून खाटेपर्यंत चालत जायचा. तिच्या नातवाने तो मोबाईल हलवत हलवत काढला. पायऱ्या मोजता आल्या, बाथरूमची कडी दिसली, खिडकीबाहेरची भिंत दिसली. त्या दीड मिनिटात मला शंभर फोटोंपेक्षा जास्त कळलं.

ग्रुपमध्ये मात्र भडका उडाला. टेस्टर म्हणाला, "दहानंतर आवाज नाही? मग गोव्याला जाऊन काय भजन करू काय?" त्याचंही चूक नव्हतं. वर्षभर बिल्डमधले बग शोधणाऱ्या माणसाला चार तास मोठ्याने हसायचं होतं. मत घेतलं, तो एकटा पडला. मी त्याची समजूत घालत बसलो नाही. शेवटी त्यानेच मार्ग काढला. तो कळंगुटला उतरला. दिवसभर आमच्यात, रात्री तिकडे. मैत्री शाबूत. सगळ्यांनी एकाच छपराखाली झोपलंच पाहिजे असा काही कायदा नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

राहिलो सात. भाऊ-वहिनी तळमजल्यावर, तिघी मुली वर तीन खाटांच्या खोलीत, मी आणि फ्रेशर तिच्या शेजारी. दोन खोल्या २,२०० च्या, एक ३,००० ची. नाश्ता आणि टॅक्स धरून एका रात्रीचे ७,४००. माणशी १,०५७ रुपये. अकराशेच्या आत!

पाऊस, पोई आणि पाहुणे

एक योगायोग सांगतो. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी आमच्या मिहानमधल्या एम्सचं आणि गोव्याच्या मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, उत्तरेला मोपा आणि दक्षिणेकडचं जुनं दाबोळी. तिकीट काढताना कुठे उतरतोय ते बघा, नाही तर एक मोपाला आणि दुसरा दाबोळीला अशी धम्माल व्हायची!

घर व्हिडिओत होतं तसंच निघालं. ओलीचा वासही होता, आणि पहिल्या रात्री एचआरवालीने तोंड वाकडं केलंच. पण फसवलं असं कोणालाच वाटलं नाही. भाऊने बाथरूमची ती एक पायरी आरामात चढली. वर चर्चच्या त्या प्रसिद्ध नागमोडी पायऱ्या मात्र त्याने खालूनच पाहिल्या, आणि वहिनी त्याच्यासोबत छत्री धरून बसल्या.

एक गोष्ट आंटींनी पहिल्याच दिवशी बजावली. "लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढू नका." इथे लोक राहतात, हे पर्यटक विसरतात. कोणाच्या खिडकीत डोकावून, कोणाच्या ओट्यावर चढून पोज देतात. कंटाळून बऱ्याच घरांनी फोटो काढू नका अशा पाट्या लावल्यात. आपल्या धरमपेठेतल्या घरासमोर रोज पन्नास अनोळखी माणसं पोज देत उभी राहिली तर? छोट्या हॉटेलात उतरणं म्हणजे कोणाच्या तरी मोहल्ल्यात पाहुणं होणं. त्याचं भाडं वेगळं, ते वागणुकीतून द्यायचं असतं.

सकाळी आठला मोठ्या टेबलावर नाश्ता. गरम पोई, पातळभाजी, ऑम्लेट, केळी आणि चहा. आपल्या तर्री पोह्यांची सर नाही, हे आम्ही नागपूरकरांनी लगेच जाहीर केलं आणि मग सगळी टोपली संपवली. सगळ्यात आधी कोण येऊन बसलं होतं माहितीये? फ्रेशर! तिसऱ्या पोईला हात घालत तो आंटींना म्हणाला, "आंटी, भाजी आणखी भेटेल काय?" मी चहात बघत राहिलो. वर बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

फोन उचला आणि हे विचारा!

• आमच्या सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर आहेत का? पायऱ्या किती? बाथरूम प्रत्येक खोलीला वेगळं का?
• सांगितलेल्या भाड्यात नाश्ता, टॅक्स, जादा गादी धरलीय का? सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के.
• मुलं-मुली असा ग्रुप चालेल का? काही ठिकाणी ऐनवेळी तोंडं वाकडी होतात. आधीच विचारा आणि उत्तर लेखी मेसेजवर घ्या.
• ओळखपत्र प्रत्येकाचं लागेल का? आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्या.
• रात्री गेट किती वाजता बंद? आवाजाचा नियम काय?
• लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी?
• एक जण गळाला तर पैसे परत मिळतील का, आणि किती दिवस आधी सांगावं लागेल?
• आणि शेवटचा, सगळ्यात भारी प्रश्न: "तुमच्या जागेत न आवडण्यासारखं काय आहे?" यावर जो हसून खरं सांगतो, तिथे बिनधास्त बुकिंग करा!

भाऊ आता चेन्नईत आहे. पुढची ट्रिप त्याच्याकडेच, असं परवाच कॅन्टीनमध्ये ठरलं. ठरलं म्हणजे ठरलं! हॉटेल कोण शोधणार, यावर नेहमीची शांतता पसरली. तेवढ्यात फ्रेशरने स्वतःचा टिफिन धुऊन, पुसून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"चला, चिठ्ठ्या टाका."