पंधरा मायक्रॉनचा सूर : घरासाठी स्वस्त डॅक निवडताना

दिवाळीचा बोनस हाती आला की पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांत काय घ्यायचे याची चर्चा रंगते. अलीकडे त्या चर्चेत ‘डॅक’ हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर असतात. कॅसेटी संपल्या, सीडी प्लेयरची लेन्स गेली, गाणी मोबाइलमध्ये आली आणि नव्या मोबाइलला हेडफोनचे भोकच उरले नाही. नव्या-जुन्याची गाठ घालणारी डबी म्हणजे डॅक. तिची किंमत पाचशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत काहीही असू शकते. या पैशातला किती भाग कानापर्यंत पोहोचतो, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

मी ध्वनिअभियंता नाही. भोसरीत तपासणी विभागात अनेक वर्षे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळले. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते पुस्तकांतून आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांतून. त्यामुळे या प्रश्नाकडे मी टॉलरन्सच्या अंगानेच पाहतो आणि आपल्या भागातल्या वाचकाला तीच भाषा जवळची वाटेल असे मला वाटते.

डॅकचे काम सांगायला सोपे आहे : आकड्यांचे व्होल्टेज करणे. ऑक्टोबर १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि त्याच महिन्यात जपानमध्ये पहिला सीडी प्लेयर विक्रीला आला. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेले सीडीचे माप आजही कायम आहे. प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. ही अचूकता केवढी? एक मीटर लांबीचा दांडा ६५,५३६ भागांत विभागला तर एक भाग सुमारे १५ मायक्रॉनचा होतो. वर ही मापे सेकंदाला ४४ हजार वेळा घ्यायची! १९८२ साली हे खरोखर अवघड होते. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटांचीच चिप होती. त्यांनी चौपट वेगाने काम करून आणि चुकीचा मोठा भाग कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या वारंवारतांत ढकलून १६ बिटांचे काम साधले. चूक नाहीशी केली नाही, जिथे ती कुणाला सापडणार नाही तिथे नेऊन ठेवली. आजचे बहुतेक डॅक याच युक्तीच्या पुढच्या पिढ्या आहेत.

(पायऱ्या म्हटले की अनेकांना आवाज जिन्यासारखा तुटक निघत असेल असे वाटते. तसे होत नाही. शेवटच्या गाळणीत पायऱ्या पुसल्या जातात आणि बाहेर पडते ती सलग लहर. डिजिटल म्हणजे तुटक, हा समज चित्रांमुळे पसरला आहे.)

चाळीस वर्षांत ही अवघड गोष्ट किरकोळ झाली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१०२ ए ही चिप घ्या. ती बसवलेली पाटी बाजारात काहीशे रुपयांत मिळते. चिपच्या माहितीपत्रकात ११२ डेसिबल हा आकडा आहे, म्हणजे सर्वांत मोठा आवाज आणि तिची स्वतःची खरखर यांतले अंतर. आपल्या मीटरभर दांड्यावर तो अडीच मायक्रॉन होतो. स्वस्त पाटीवरच्या वीजपुरवठ्यामुळे काही हातचे जाते हे खरे. समजा बारा डेसिबल गेले, तरी शंभर उरले : दहा मायक्रॉन.

आता ज्या खोलीत हे ऐकायचे ती खोली मोजू. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. खिडक्या लावून, पंखा बंद करून आपल्याकडच्या बऱ्या फ्लॅटमध्ये ३५ ते ४० डेसिबल मिळाले तर नशीब. पंखा लावला की तेही गेले. शेजारी दार वाजवणार नाहीत इतक्या आवाजाचा सर्वांत जोरकस क्षण ९५ ते १०० डेसिबलचा. मधले अंतर साठ डेसिबल, म्हणजे हजारास एक, म्हणजे मीटरला एक मिलिमीटर. खरखरीच्या थोडे खालचे सूरही कान वेचून काढतो, म्हणून आणखी दहा-वीस डेसिबल मोकळे सोडू. तरी हिशेब फारसा हलत नाही. तपासणीत एक जुना नियम आहे : मोजण्याचे साधन कामाच्या टॉलरन्सपेक्षा दहापट बारीक असावे. येथे मिलिमीटरच्या कामाला दहा मायक्रॉनचे साधन आधीच हाती आहे. तीस हजारांचा डॅक एक मायक्रॉन देतो, आणि प्रामाणिकपणे देतो. पण काम तेच, मिलिमीटरचे.

आणि या पट्ट्यात खोलीच्या पुढेही एक माप घ्यावे लागते, ते कानाचे. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. ९५ डेसिबलला चार तास आणि १०० डेसिबलला दोन तास. पॉवर प्रेसजवळ किंवा फोर्जिंगच्या हातोड्याजवळ उभे राहिलेल्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. तो सगळीकडून सारखा येत नाही. बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो. गायकाचा मूळ स्वर त्याच्या बराच खाली असतो, म्हणून गाणे ‘ऐकू येते’. पण ‘स’ आणि ‘श’ यांची धार, झांजेची किनार, तानपुऱ्याच्या जवारीतले वरचे झंकार नेमके त्या भागात राहतात. तेवढे गेले की माणूस म्हणतो, आवाज मंद झाला, डॅक बदलायला हवा.

माझ्या शेजारचे एक काका प्रेसशॉपमधून निवृत्त झाले. त्यांनी मला अशाच मंद आवाजासाठी पंचवीस-तीस हजारांचा डॅक सुचवायला सांगितले. मी त्यांना आधी श्रवणचाचणी करायला लावली. ती अर्ध्या तासाचे काम आहे आणि सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात होते. आलेखात दोन्ही कानांना तो खड्डा स्पष्ट दिसला. कुठलीही चिप तो भरून काढू शकत नाही. काका कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे पगार इथनं कापला होता तर.”

त्यांच्या घरात दुसरीही तक्रार होती. लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायचा. तो डॅकचा दोष मानून लोक डॅक बदलतात. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा घरातल्या विजेचा असतो. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा. संगणक एका बोर्डवरून आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्यावरून अर्थ झालेला असेल तर दोन अर्थिंगमधल्या किंचित फरकाने प्रवाह ऑडिओ वायरच्या जाळीतून वाहू लागतो आणि गाण्यात मिसळतो. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जरही कमी नाही. धातूच्या कडेवर बोट ठेवले की बारीक झिणझिण्या येतात, तीच गळती. परीक्षा सोपी : चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं थांबले तर डॅक निर्दोष आहे. मग सगळी उपकरणे एकाच बोर्डवर घ्या. तरी राहिले तर प्रकाशाच्या वायरीने, म्हणजे ऑप्टिकलने जोडा. तिच्यातून वीज जातच नाही. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला मात्र कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आवाज जाईल, आणि एखाद्या दिवशी ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात २३० व्होल्ट येतील.

खरेदीला निघताना काय पाहावे? मोबाइलसाठी यूएसबी-सीची छोटी वायर पुरते, पण शे-दीडशेच्या काही वायरींत डॅक नसतोच, नुसत्या तारा असतात. अशी वायर अनेक मोबाइलवर मुकी राहते. ॲपलची हजाराच्या आतबाहेरची वायर मापात उत्तम आहे. ती सुमारे एक व्होल्ट देते. काही अँड्रॉइड मोबाइलवर मात्र तिचा आवाज बराच कमी मिळतो, तेव्हा दुकानात स्वतःचा मोबाइल लावून बघावे. जुन्या ॲम्प्लिफायरला सीडी प्लेयरच्या दोन व्होल्टची सवय आहे. तो अशक्त वाटत असेल तर दोन व्होल्ट देणारा डॅक घ्या. टीव्हीसाठी ऑप्टिकल डबी घेतली आणि आवाज आला नाही, तर डबी परत करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर करा. साध्या डब्यांना डॉल्बीची भाषा कळत नाही. खोक्यावरच्या ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ या आकड्यांसाठी जास्तीचा रुपया देऊ नका.

दुकानातल्या तुलनेबद्दल एक सांगायलाच हवे. दोन डॅकपैकी जो किंचित मोठा वाजतो तो कानाला ‘जास्त खुलासेवार’ वाटतो. एक व्होल्ट आणि दोन व्होल्ट यांत सहा डेसिबलचा फरक आहे. महाग डबी जिंकायला तेवढा पुष्कळ झाला. घरी तुलना करायची तर मोबाइलवर १०० हर्ट्झचा सूर लावा, स्पीकरच्या टोकांवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा आणि दोन्ही डॅकचे आकडे जुळवून घ्या. मग घरातल्या कुणाला तरी, न सांगता, वायर बदलायला लावा. मी हा खेळ ओळखीच्या अनेक घरांत केला आहे. धडधाकट डॅकांमधला फरक ओळखताना भले भले जाणकार अडखळतात.

काकांनी शेवटी हजाराची वायर घेतली आणि बाजूला ठेवलेल्या पैशांतून वायरमन बोलावून घराचे अर्थिंग नव्याने करून घेतले. घूं गेले. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे आणल्यावर गाण्यातले बोलही थोडे मोकळे झाले. जवारीतले वरचे झंकार त्यांना येत नाहीत, नातीला येतात. ती सध्या प्रेसशॉपमध्ये जाणाऱ्या तिच्या वडिलांच्या डब्याबरोबर न विसरता कानातली बोळी ठेवते.