जानुसंधिगत वातात व्यायाम व मर्दन : फोम रोलरचे स्थान

गुडघेदुखी ही आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज भेटणारी तक्रार होय. पन्नाशीतील रुग्णा क्ष-किरण चित्र पुढे ठेवते व पहिलाच प्रश्न विचारते, "गुडघ्यांची झीज झाली आहे, आता चालणे बंद करू का?" घरच्यांनी व शेजाऱ्यांनी तिला विश्रांतीचा सल्ला आधीच दिलेला असतो. दुसरीकडे व्यायामशाळेतून घरी आलेला फोम रोलर हाच गुडघेदुखीवरील उपाय आहे, असे मानणारेही आता भेटतात. या दोहोंस काय सांगावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमचे मत प्रारंभीच नमूद करतो : गुडघ्याचे रक्षण मुख्यतः सौम्य व नियमित व्यायामाने होते, रोलर हे मर्दनाचे एक साधन असून त्याचे स्थान साहाय्यकाचे आहे.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी जानु हे वैकल्यकर मर्म सांगितले असून त्याचा आघात खंजता निर्माण करतो. संधीतील श्लेष्म्याचे कार्य सांगताना त्यांनी वंगण दिलेल्या आसावर सहज फिरणाऱ्या चाकाचा दृष्टांत योजला आहे. चरकाचार्यांनी संधिगत वाताचे वर्णन करताना वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श असलेला शोथ आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी होणारी वेदना ही लक्षणे दिली आहेत. स्नायु, संधी व अस्थिगत वाताच्या चिकित्सेत सुश्रुतांनी स्नेह, उपनाह, अग्निकर्म व बंधन यांच्याबरोबर उन्मर्दनाचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात तर व्यायामानंतर सर्व अंगाचे सुखावह मर्दन करावे, असा क्रमच दिला आहे. म्हणजे व्यायाम व मर्दन ही जोडी आपणास नवी नाही. नवे आहे ते केवळ साधन.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही याच दिशेने बोलते. सांध्यातील कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की तिच्यातील द्रव बाहेर दाबला जातो व भार सुटला की पोषक द्रव आत शोषला जातो. हालचाल थांबली की हे पोषण मंदावते. त्याचबरोबर मांडीच्या पुढील चतुःशिरस्क पेशीचे बल क्षीण होते, पाऊल टाकताना बसणारा धक्का तिच्याऐवजी सांध्यास सोसावा लागतो, वेदना वाढते आणि वेदनेमुळे हालचाल आणखी कमी होते. हे दुष्टचक्र तोडणे हेच चिकित्सेचे खरे काम होय. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने संधिवाताच्या या प्रकारातील सर्व रुग्णांना व्यायाम सुचवावा असे सांगितले असून, हस्तोपचार द्यावयाचे तर ते व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, असे म्हटले आहे.

मात्रा : अर्धशक्ती

औषधाप्रमाणे व्यायामासही मात्रा असते. अर्धशक्तीचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो. रुग्णास सांगण्याची खूण सोपी आहे : व्यायाम करताना किंचित दुखले तरी चालेल, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वा सूज नेहमीपेक्षा अधिक असेल, तर मात्रा अधिक झाली असे समजून आवर्तने निम्मी करावीत. व्यायाम सोडून मात्र देऊ नये.

सहा सौम्य व्यायाम

प्रथम प्रत्येकी ८ ते १० आवर्तने करावीत. पहिले तीन व्यायाम रोज करावेत, पुढील तीन एक दिवसाआड.

१. पाय पसरून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी. मांडी घट्ट झालेली हातास जाणवली पाहिजे. ५ सेकंद धरून सैल सोडावे.

२. उताणे निजून टाच बिछान्यावरून नितंबाकडे सरकवत न्यावी व हळूहळू परत आणावी. सकाळचा ताठरपणा घालविण्यास हा व्यायाम उत्तम.

३. उताणे निजून एक गुडघा दुमडावा. दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, ५ सेकंद धरावा व सावकाश खाली आणावा. श्वास रोखू नये. रक्तदाबाच्या रुग्णांना हे आवर्जून सांगावे.

४. दोन्ही गुडघे दुमडून सेतुबंधाप्रमाणे कंबर उचलावी. नितंबाच्या पेशी दुर्बळ असल्या तर उभे राहताना गुडघा आत झुकतो, म्हणून केवळ मांडीचा व्यायाम पुरेसा होत नाही.

५. ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात व हळू टेकवाव्यात.

६. उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. जमत नसल्यास खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. दैनंदिन जीवनास सर्वाधिक उपयोगी असा हा व्यायाम आहे.

याखेरीज सपाट रस्त्यावर जमेल तेवढे चालावे. उकिडवे बसणे व जमिनीवर फार वेळ मांडी घालणे वेदना असेपर्यंत टाळावे. स्थूल रुग्णास वजनाचा हिशेबही सांगावा : २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजन १ किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे आढळले.

फोम रोलर

सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा, घट्ट फोमचा हा दंडगोल असतो. त्यावर शरीराचा भार देऊन पेशीवर हळूहळू पुढे-मागे सरकावयाचे असते. यामुळे पेशींवरील आवरणाच्या गाठी मोडतात, असे सर्रास सांगितले जाते. ते स्वीकारता येत नाही. मांडीच्या बाहेरील चिवट पट्टा किंचितही दाबण्यास जे बल लागते ते सामान्य मर्यादेपलीकडचे आहे, असे २००८ च्या एका गणिती अभ्यासाने दाखविले. रोलरने मिळणारा सैलपणा खरा असला तरी तो अल्पकाळ टिकतो. ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढल्याने तो येतो, असे आज मानले जाते. म्हणून व्यायामापूर्वी अंग मोकळे करणे व नंतर हलके मर्दन करणे, एवढाच त्याचा उपयोग धरावा.

मांडीची पुढील, मागील व बाहेरील बाजू आणि पोटरी या मांसल भागांवर प्रत्येकी ३० ते ६० सेकंद रोलर फिरवावा. जानुसंधीवर, वाटीवर व गुडघ्यामागील खळग्यात तो कदापि फिरवू नये. खळग्यात रक्तवाहिन्या व नाड्या असतात. अंगास तेल लावून रोलर वापरू नये; तो निसटतो. ज्या वृद्धांना जमिनीवरून उठणेच कठीण आहे, त्यांना जमिनीवर निजण्यास सांगणे व्यर्थ होय. त्यांनी खुर्चीत बसून टॉवेल गुंडाळलेले लाटणे दोन्ही हातांनी मांडीवर हळुवार फिरवावे. कार्य तेच साधते.

वर्ज्य अवस्था

नीलाकुटिलता, रक्त पातळ ठेवणारी औषधे, अस्थिसौषिर्य, त्वचेवरील व्रण, नुकताच झालेला अस्थिभग्न वा शस्त्रकर्म, तसेच मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असणे, या अवस्थांत रोलर वर्ज्य समजावा. एकाच पोटरीस अकस्मात सूज व वेदना असल्यास मर्दन मुळीच करू नये. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शंका घेऊन रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. सांधा लाल व उष्ण असून ज्वर असल्यास, आघातानंतर पायावर भार देता येत नसल्यास किंवा गुडघा अडकून बसत असल्यासही तेच करावे. सामावस्थेत, विशेषतः आमवातात, स्नेहन-मर्दनाची घाई करू नये. तेथे लंघन, दीपन व वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद हाच क्रम होय.

वैद्यबंधू-भगिनींना विनंती

अनेक चिकित्सालयांत सात दिवस जानुबस्ती उत्तम रीतीने होतो, रुग्णास उपशय मिळतो आणि तो घरी जातो. पुढे महिन्या-दोन महिन्यांत वेदना परतते; कारण स्नेहन-स्वेदनाने मृदू झालेल्या सांध्यास बल देणारे काही त्याला शिकविलेलेच नसते. वेदना उतरलेली असते तो काळ व्यायाम आरंभ करण्यास सर्वोत्तम होय. जानुबस्तीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच वरील पहिले दोन व्यायाम आपल्या देखत करून घ्यावेत.

परिणाम मोजण्यासाठी एक सोपी कसोटी आहे. हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत रुग्ण खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठतो-बसतो, हे मोजून पहिल्याच भेटीत केसपेपरवर लिहावे व ६ आठवड्यांनी पुन्हा मोजावे. क्ष-किरण चित्र तेच राहूनही हा आकडा वाढलेला दिसला, की "चालणे बंद करू का?" या प्रश्नाचे उत्तर रुग्णास निराळे द्यावे लागत नाही.