सातेरी एक की अनेक? मधमाशीची नवी जात कशी ठरते

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेने सह्याद्रीची रांग उभी आहे. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतील जंगलांत जांभूळ, हिरडा, कारवी अशा झाडाझुडपांवर मधमाश्यांना भरपूर मध आणि पराग मिळतो. भुदरगड तालुक्यातील पाटगाव तर 'मधाचे गाव' म्हणूनच ओळखले जाते. या भागात पेटीत पाळली जाणारी देशी माशी म्हणजे सातेरी.

आता एक प्रश्न विचारू. पाटगावच्या पेटीतील सातेरी, केरळच्या डोंगरातील काळसर सातेरी आणि मैदानी प्रदेशातील पिवळसर सातेरी या तिन्ही एकाच जातीच्या की वेगवेगळ्या? प्रश्न सोपा वाटतो. माशी समोर ठेवावी, पाहावे आणि उत्तर द्यावे! पण याच प्रश्नावर दोनशेहून अधिक वर्षे विचार चालू आहे, आणि २०२२ मध्ये त्याला एक नवे व वादग्रस्त उत्तर मिळाले. ते समजून घ्यायचे तर प्रथम प्राण्याची 'नवी जात' कशी ठरवतात हे पाहिले पाहिजे.

ओळखीच्या माश्या

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे मध साठवणाऱ्या चार देशी माश्या सर्वांना ठाऊक आहेत. उंच झाडावर किंवा कड्यावर एकच मोठे पोळे लोंबकळत ठेवणारी ती आग्या. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधणारी ती फुलोरी. झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. आणि भिंतीच्या फटीत राळ व मेण यांचे घर करणारी, नांगी निरुपयोगी झालेली चिमुकली माशी म्हणजे पोया.

पण माश्यांचे जग एवढ्यावर संपत नाही. लाकूड पोखरणारा काळा भुंगा, पानाचे गोल तुकडे कापून नेणारी पानकापी माशी, पोटावर निळे पट्टे असलेली माशी ही सारी याच गटातील मंडळी. जगात या गटाच्या वीस हजारांहून अधिक जातींना आजवर नावे मिळाली आहेत, आणि दर वर्षी त्यांत भर पडत असते.

येथे शब्दांचा घोटाळा टाळू या. परस्परांत प्रजनन करणाऱ्या सजीवांच्या गटाला या लेखात 'जाती' म्हटले आहे. जवळच्या जातींचा गट तो 'प्रजाती'. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. 'एपिस डॉर्साटा' या आग्या माशीच्या नावात 'एपिस' ही प्रजाती आणि 'डॉर्साटा' ही जाती होय.

वेळापत्रकाची भिंत

दोन माश्या वेगळ्या दिसल्या म्हणजे त्या वेगळ्या जातीच्या झाल्या का? नाही. एकाच घरातील दोन भावंडे वेगळी दिसतात. खरी कसोटी अशी: निसर्गात त्या एकमेकींत प्रजनन करतात का, आणि त्यांची संतती वाढते का?

याचे एक सुंदर उदाहरण श्रीलंकेत मिळाले. तेथे फुलोरी, सातेरी आणि आग्या एकाच परिसरात राहतात. तिघींच्या राण्या नरांना आकर्षित करण्यासाठी हवेत जो गंध सोडतात, त्यातील मुख्य रसायन एकच आहे. मग नरांची गफलत कशी होत नाही? १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे उत्तर दिले गेले. फुलोरीचे नर दुपारी साधारण बारा ते अडीच या वेळात उडतात, सातेरीचे सव्वाचार ते सव्वापाच या तासाभरात आणि आग्याचे संध्याकाळी सहा ते पाऊण तास. आकाश एकच, पण प्रत्येकीची पाळी वेगळी! वेळापत्रकाची ही भिंत तिन्ही जातींना अलग ठेवते.

भिंत ओलांडली तर काय होते? सातेरी आणि युरोपीय मधमाशी यांचा संकर प्रयोगशाळेत कृत्रिम रेतनाने करून पाहिला आहे. फलित अंड्यांतून माश्या वाढल्याच नाहीत. या दोन जाती खऱ्या अर्थाने वेगळ्या आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मात्र संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या माशीचे प्रजनन पाहता येत नाही. तेथे शास्त्रज्ञाला शरीराच्या खुणांवरूनच अनुमान करावे लागते.

पंखावरचे गणित

रंग ही सर्वांत फसवी खूण. वय, उंची आणि हवामान यांप्रमाणे माशी कमीअधिक काळी दिसते. म्हणून शास्त्रज्ञ पंखाकडे वळतात. माशीचा पंख पारदर्शक असतो आणि त्यावर शिरांचे जाळे असते. ते जातीनुसार ठरलेले असते.

युरोपीय माशी आणि सातेरी यांचे मागचे पंख भिंगाखाली शेजारी ठेवा. सातेरीच्या पंखावर एक लहानशी शीर कडेच्या दिशेने पुढे गेलेली दिसते. युरोपीय माशीत ती नसते. ही खूण सरळ 'आहे किंवा नाही' अशी आहे.

पण फार जवळच्या जातींत एवढा ठळक फरक सापडत नाही. तेव्हा मोजमाप करावे लागते. पुढच्या पंखावर एका कप्प्याच्या तळाची शीर दुसऱ्या शिरेमुळे दोन तुकड्यांत विभागली जाते. या दोन तुकड्यांच्या लांबीचे गुणोत्तर काढतात. समजा, एका मोठ्या माशीत हे तुकडे ८ आणि २ एकक लांब आहेत, गुणोत्तर ४. दुसरी माशी लहानपणी कमी खाऊन लहान राहिली आणि तिचे तुकडे ६ आणि १.५ एकक भरले. गुणोत्तर पुन्हा ४. माशी लहान असो वा मोठी, गुणोत्तर फारसे बदलत नाही. म्हणून नुसत्या लांबीपेक्षा गुणोत्तर अधिक विश्वासाचे. अर्थात एक माशी मोजून भागत नाही. अनेक वसाहतींतील पुष्कळ माश्या मोजाव्या लागतात, तेव्हा कोठे फरक खरा की योगायोगाचा हे कळते.

कधी कधी शरीरापेक्षा घर अधिक बोलके ठरते. ऑस्ट्रेलियात आपल्या पोयाच्या नात्यातील दोन माश्या आहेत, टेट्रागोन्युला कार्बोनारिया आणि टेट्रागोन्युला हॉकिंग्सी. त्यांच्या कामकरी माश्या इतक्या सारख्या की तज्ज्ञही गोंधळतात. पण पेटी उघडली की कार्बोनारियाच्या अंड्यापिल्लांची घरे गोल जिन्यासारखी वळत वर गेलेली दिसतात, तर हॉकिंग्सीची घरे तुटक पुंजक्यांत, पायऱ्यांसारखी मांडलेली असतात.

आता या सर्व खुणांच्या जोडीला पेशीतील आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, तपासले जाते. तेही एक प्रकारचे मोजमापच होय.

नाव देण्याचे कायदे

फरक सापडला की काम अर्धेच झाले. नवी जाती जगाने मान्य करावी यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांतील तीन महत्त्वाचे.

पहिला, त्या जातीचा एक नमुना निवडून संग्रहालयात कायम जपावा लागतो. याला प्ररूप नमुना म्हणतात. दुकानातले वजन खरे की खोटे हे जसे प्रमाणित वजनाशी ताडून पाहतात, तसेच पुढे शंका आली की या नमुन्याशी ताडून पाहता येते.

दुसरा, जातीचे वर्णन प्रसिद्ध करावे लागते. त्यात केवळ 'माशी काळी आहे' असे लिहून चालत नाही. जवळच्या प्रत्येक जातीपासून ती कोणत्या खुणेने वेगळी, हे सांगावे लागते.

तिसरा नियम अग्रहक्काचा. जे नाव आधी प्रसिद्ध झाले ते टिकते. लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये युरोपीय माशीला 'मेलिफेरा', म्हणजे मध वाहून आणणारी, असे नाव दिले. पुढे त्याच्या ध्यानात आले की माशी फुलांतून मध नव्हे तर मकरंद आणते आणि त्याचा मध बनवते. म्हणून १७६१ मध्ये त्याने 'मेलिफिका', म्हणजे मध बनवणारी, हे अधिक योग्य नाव सुचवले. पण नियमाने पहिलेच नाव कायम राहिले. नाव देणारा स्वतः लिनीयस असला तरी सवलत नाही!

बोर्निओ बेटावरील तांबड्या मधमाशीची कथा तर आणखी गमतीची. तिला १९०६ मध्ये 'कोशेव्हनिकोव्ही' असे नाव मिळाले होते. ते विस्मरणात गेले. १९५३ मध्ये तिला 'वेख्ती' हे दुसरे नाव मिळाले. १९८८ मध्ये शास्त्रज्ञांनी ही माशी पुन्हा शोधून काढली तेव्हा 'वेख्ती' हेच नाव वापरले. नंतर मात्र जुने नाव पुढे आले आणि तेच मान्य झाले. म्हणून नवी जाती जाहीर करणाऱ्याचा बराचसा वेळ जंगलात नव्हे, तर जुनी पुस्तके आणि जुने नमुने पाहण्यात जातो.

काळी सातेरी

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. फॅब्रिशियस हा डॅनिश शास्त्रज्ञ लिनीयसचा शिष्य. त्याने १७९३ मध्ये पूर्वेकडील माशीला 'एपिस सेराना' आणि १७९८ मध्ये भारतातील माशीला 'एपिस इंडिका' अशी नावे दिली. पुढील शास्त्रज्ञांना या दोहोंतील फरक किरकोळ वाटला. म्हणून 'इंडिका' ही 'सेराना'ची उपजाती ठरली. आपल्या पुस्तकांत सातेरीचे नाव 'एपिस सेराना इंडिका' असे दिसते ते यामुळेच.

परंतु दक्षिण भारतातील मधपाळांना मैदानातील पिवळसर आणि डोंगरातील काळसर सातेरी वेगळ्या वाटत. बंगळूरच्या परिसरात तर दोन्ही एकत्र आढळतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे ओल्ड्रॉइड आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तेथील माश्यांचा अभ्यास केला. एकत्र राहूनही या दोन रंगांच्या माश्यांत संकर होत नसल्याचा पुरावा त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला.

पुढचे पाऊल केरळात पडले. केरळ कृषी विद्यापीठातील एस. शानस आणि त्यांचे सहकारी जी. अंजू कृष्णन व के. मशहूर यांनी पंखांच्या शिरांवर आधारलेले 'रेडिओ-मेडियल निर्देशांक' हे नवे गुणोत्तर वापरले आणि त्याला डीएनएच्या पुराव्याची जोड दिली. २०२२ मध्ये 'एन्टोमॉन' या नियतकालिकात त्यांनी डोंगरी काळ्या माशीला स्वतंत्र जाती म्हणून जाहीर केले. नाव ठेवले 'एपिस करिंजोडियन'. केरळात लोक तिला ज्या नावाने ओळखतात तेच. गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूचा काही भाग येथे तिचा आढळ सांगितला आहे. 'एपिस इंडिका' हीही स्वतंत्र जाती मानावी असे त्यांचे म्हणणे आहे. ते मान्य केले तर भारतातील मधमाशीच्या नव्या जातीचे वर्णन १७९८ नंतर एकदम २२४ वर्षांनी झाले, असे म्हणावे लागेल.

पण यावर सर्व शास्त्रज्ञांचे एकमत नाही. काहींच्या मते हे सारे 'एपिस सेराना' या एकाच जातीचे प्रादेशिक प्रकार आहेत. विज्ञानात नवी जाती हे असे विधान असते, की ज्याची तपासणी दुसरा कोणीही करू शकतो. प्ररूप नमुना, मापे आणि डीएनए खुले ठेवायचे ते यासाठीच.

नावाने काय बिघडते?

कोणी म्हणेल, माशी एक असो की तीन, मध तर गोडच! पण पेटी पाळणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. १९९१ नंतर थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. अशी आपत्ती आली की दुसऱ्या प्रदेशातून पेट्या आणून रिकामी जागा भरण्याचा मोह होतो. आणलेली माशी त्याच जातीची असेल तर तिचा स्थानिक माशीशी संकर होईल आणि त्या डोंगराच्या पावसाला व फुलोऱ्याला सरावलेला वाण हळूहळू पुसला जाईल. ती वेगळ्या जातीची असेल तर दोघी एकाच फुलासाठी आणि एकाच ढोलीसाठी स्पर्धा करतील. दोन्ही धोके वेगळे, त्यांवरचे उपायही वेगळे. उपाय निवडायचा तर आपल्या पेटीत कोण आहे हे आधी कळले पाहिजे. शिवाय जिला नाव नाही ती माशी कोणत्याही गणतीत येत नाही. ती कमी होत गेली तरी कोणाला कळत नाही.

तुम्ही काय कराल?

नव्या जाती ओळखणे हे तज्ज्ञाचे काम, पण नोंद ठेवणे तुमच्या हाती आहे. वसाहतीला हात लावू नका आणि जिवंत माश्या मारू नका. खिडकीपाशी किंवा दिव्याखाली मरून पडलेली माशी कोरडी करून लहान डबीत ठेवा. डबीत चिठ्ठी घाला: गावाचे नाव, तालुका, तारीख, सापडल्याची जागा, सापडणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसलेला नमुना विज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर शिक्षकांच्या मदतीने पंख काचपट्टीवर ठेवून शिरांचे चित्र काढा. मागच्या पंखावरची ती लहान शीर दिसते का, ते पाहा. कोणत्या महिन्यात कोणत्या फुलावर कोणती माशी आली, याची वही ठेवा.

चंदगडच्या डोंगरापासून गोव्याची हद्द फार दूर नाही, आणि माश्यांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. आपल्या गावातील सातेरी काळसर की पिवळसर, याची दहा शाळांनी पाच वर्षे नीट ठेवलेली नोंद शास्त्रज्ञांना नक्कीच उपयोगी पडेल.