गच्चीचा जुना कोबा: काढायचा की वर आणखी एक थर मारायचा?

ज्यांना हा एपिसोड कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जे बोललो तेच इथे आहे, फक्त 'अं... म्हणजे' तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय आहे टॉप फ्लोअरवाल्यांचा. उन्हाळ्यात रात्री अकरा वाजता पंखा गरम हवा फेकतो आणि पावसाळ्यात छताला नकाशे उमटतात, ते सगळे आपले लोक. या दोन्ही दुखण्यांचा उगम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो. तो म्हणजे गच्चीवरचा जुना कोबा.

कोबा म्हणजे नक्की काय?

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये घराच्या माळ्यावरून गुलाबी कापसासारखं इन्सुलेशन उपसून काढताना दाखवतात. आपल्याकडे सपाट स्लॅबच्या इमारतींत तो कापूस नसतो. उष्णता अडवणं आणि पाणी अडवणं ही दोन्ही कामं एकच थर करतो, विटांच्या तुकड्यांचा कोबा. स्लॅबवर सिमेंटची स्लरी ओततात, त्यावर विटांचे तुकडे उभे-आडवे बसवतात, मधल्या फटींत वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला माल भरतात आणि पाणी पाइपाकडे जाईल असा उतार देतात. कठड्याच्या कडेला गोलाई काढतात, तिला मिस्त्री 'वाटा' म्हणतात. वरचा थर ओला असतानाच सुतळीने चौकटी पाडतात. तुमच्या गच्चीवर ते चौकोन दिसत असतील तर खाली कोबा आहे, असं समजा.

ही पद्धत काही वाईट नाही. चांगल्या मिस्त्रीने केलेला कोबा पंधरा-वीस वर्षं आरामात टिकतो. पण दिवसभर तापून रात्री थंड होण्याचं काम तो रोज करत असतो. प्रसरण, आकुंचन, परत प्रसरण. शेवटी केसाएवढ्या भेगा पडतात आणि पाणी आत शिरतं. आत विटा आहेत, आणि वीट पाणी किती पिते ते मातीच्या माठाला विचारा.

ओला कोबा दुहेरी नुकसान करतो

पहिलं नुकसान उष्णतेचं. कोरड्या विटेच्या छिद्रांत हवा असते आणि स्थिर हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. त्या हवेच्या जागी पाणी आलं की खेळ बदलतो, कारण पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपटीहून जास्त सहज जाते. म्हणजे गळका कोबा आधीपेक्षा जास्त ऊन घरात आणतो. शिवाय तो जाड आणि जड. दिवसभर शोषलेली उष्णता तो संध्याकाळनंतर हळूहळू खाली सोडतो. रात्री अकराच्या गरम पंख्याचं कारण हेच.

दुसरं नुकसान जास्त गंभीर आहे. स्लॅबच्या आत लोखंडी सळया असतात. ओल तिथपर्यंत पोचली की गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो, मग सळईच्या रेषेत भेग जाते, तपकिरी डाग येतो आणि एक दिवस पोपडा खाली पडतो. आमच्याकडे तो माझ्या धाकट्या बहिणीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडला. ती तेव्हा कॉलेजला होती, म्हणून मी हे आज शांतपणे सांगतोय.

'वरून अजून एक थर मारू'

आता मुद्द्याचा प्रश्न. सोसायटीत गळतीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "जुनं उकरायची झंझट कशाला? वरून अजून एक थर मारू, स्वस्तात होईल." आमच्या मीटिंगमध्येही हेच झालं. इमारत १९९१ ची. इंजिनियर बाईंनी आधी गच्चीवर एक फूट बाय एक फूट खड्डा करून बघायला सांगितलं. आत एक नाही, दोन कोबे निघाले. एकूण जाडी साडेआठ इंच. आणि फेब्रुवारी महिना असूनही खालच्या विटा हाताला ओल्या लागत होत्या. तिसऱ्या थराची चर्चा तिथेच संपली.

का, ते गणिताने बघू. चार इंची कोब्याचं वजन एका चौरस मीटरला साधारण २०० किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर ते १,८०० किलोच्या पुढे जातं, म्हणजे दोन छोट्या गाड्या कायमच्या पार्क केल्यासारखं. वावर असलेल्या गच्चीवर माणसं-सामान यांच्यासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरायला सांगतं. मूळ डिझाइनमध्ये एक कोबा धरलेला असतो. दुसरा, तिसरा कोणीच धरलेला नसतो. आणि हे ओझं आपण गंजलेल्या सळयांच्या डोक्यावर ठेवतो. शिवाय दोन थरांच्या मधलं पाणी जाणार कुठे? खालीच.

काढायचा तर कसा?

एक: आधी स्ट्रक्चरल ऑडिट. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. स्लॅब कमकुवत असेल तर खालून टेकू लावल्याशिवाय वर हातोडाही उचलू नये.

दोन: काम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्यात संपवा. उघडा पडलेला स्लॅब पावसात सापडला तर सगळं मुसळ केरात.

तीन: हळू तोडा. छिन्नी-हातोडा किंवा हलका ब्रेकर चालतो. मोठा ब्रेकर स्लॅबमध्येच तडे पाडतो. एका वेळी थोडा भाग घ्यायचा.

चार: निघालेला माल गच्चीच्या मधोमध ढीग करून ठेवायचा नाही. ओझं उतरवायचं म्हणून काम काढलं आणि तेच ओझं एका जागी गोळा केलं, तर उपयोग काय? रोजच्या रोज खाली न्या. पुण्यात त्याला राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज. नाव काहीही असो, नदीकाठी किंवा खाडीत टाकायचा नाही. बांधकाम कचऱ्यासाठी वेगळे नियम आहेत, पालिकेला कळवून तो द्यावा लागतो.

पाच: धूळ. विटा-काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही. कामगारांना एन-९५ मास्क आणि कठड्याजवळ सेफ्टी बेल्ट द्या, तोडताना पाण्याचा हलका फवारा मारा. कोटेशनमध्येच हे लिहून घ्या. आणि गच्चीवर जुने करड्या सिमेंटचे पाइप असतील तर त्यांना धक्का लावू नका. त्यांत ॲसबेस्टॉस असू शकतं, इंजिनियरला आधी दाखवा.

नवं काय घालायचं?

स्लॅब मोकळा झाला की हातोडीने ठोकून बघतात. पोकळ आवाज आला तिथलं सैल काँक्रीट काढून, सळया घासून, गंजरोधक लावून पॉलिमरच्या मालाने दुरुस्ती करतात. स्लॅब पूर्ण वाळू द्यायचा. मगच वॉटरप्रूफिंगचा थर.

त्याच्यावर एक्सपीएसचे बोर्ड टाकता येतात. दिसायला थर्माकोलचे भाऊ, पण घट्ट आणि पाणी जवळजवळ न पिणारे. उष्णता अडवण्यात एक इंच एक्सपीएस वीस इंच विटेला भारी पडतो. दोन इंची बोर्डाचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भरत नाही. त्यावर उताराचा पातळ काँक्रीट थर आणि पांढऱ्या टाइल्स. बोर्ड वर असल्यामुळे खालचं वॉटरप्रूफिंगही उन्हापासून वाचतं.

बजेट नसेल तर पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग? चालेल, ऊन परतवतो. पण कोबा आतून ओला असताना लावला तर आतली वाफ अडकते, रंगाला फोड येतात आणि गळती तशीच राहते. आधी कोरडं, मग पांढरं. आणि दरवर्षी धुवायचं, कारण मळलेला पांढरा रंग ऊन परतवत नाही.

पैसे देण्याआधी

पाणी भरून चाचणी घ्या. गच्चीचे पाइप बंद करायचे, एक-दोन इंच पाणी दोन-तीन दिवस ठेवायचं आणि खाली छत तपासायचं. ही चाचणी दोनदा हवी. एकदा वॉटरप्रूफिंगनंतर, बोर्ड टाकायच्या आधी आणि एकदा सगळं संपल्यावर. शेवटचा हप्ता त्यानंतरच.

आणि खर्च कोणाचा? गच्चीतून पावसाचं पाणी गळत असेल तर ती दुरुस्ती, आणि त्यामुळे खराब झालेलं टॉप फ्लोअरचं छत, दोन्ही आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चात येतं. "तुमच्या घरात गळतं, तुम्ही बघा," असं कोणी म्हणालं तर त्यांना उपविधींचं पुस्तक उघडायला सांगा.

पुढच्या मीटिंगला आई-बाबांसोबत जा आणि तीन गोष्टी विचारा: आत्ता गच्चीवर किती थर आहेत? ऑडिट कधी झालं? पाण्याची चाचणी कोटेशनमध्ये लिहिली आहे का? उत्तरं काय मिळाली ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!