हातचा, पट आणि टक्केवारी

प्राथमिक शाळेतल्या चाचणीचा निकाल बहुधा एका आकड्यात सांगतात. तिसरीच्या इतक्या टक्के मुलांना वजाबाकी येते, पाचवीची इतकी टक्के मुले दुसरीचा धडा वाचतात. हा आकडा कोणत्या चाचणीतून आला, पटावर मुले किती होती आणि गुण कोणी दिले, हे कळल्याशिवाय त्यावरून शाळा चांगली की वाईट हे ठरवता येत नाही.

सगळ्यांत साधी चाचणी 'असर'ची. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून कामाला लागलेल्या 'प्रथम' संस्थेने २००५ पासून हे सर्वेक्षण सुरू केले. ग्रामीण भागातल्या प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे आणि गावागणिक २० घरे निवडतात. स्वयंसेवक शाळेत नाही, घरी जातो. त्यामुळे शाळेला दांडी मारणारे किंवा शाळेत नावच नसलेले मूलही मोजणीत येते. ओट्यावर बसलेल्या मुलापुढे एक कागद ठेवला जातो. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद. तो सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरे. पाचपैकी चार शब्द नीट वाचले की मूल शब्द वाचते अशी नोंद होते. गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि शेवटी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. गुण नाहीत, पास-नापास नाही. मूल कोणत्या पायरीवर आहे एवढेच लिहायचे.

देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या १६.३ टक्के मुलांना २०२२ मध्ये ती गोष्ट वाचता आली होती. करोनाकाळात बंद राहिलेल्या शाळांचा तो फटका होता. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर आले. वाढ खरी आहे. तरीही चारांतली तीन मुले गोष्टीपर्यंत पोचलेली नाहीत.

केंद्र सरकारची चाचणी वर्गात होते. एनसीईआरटीचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २००१ पासून होत आले. त्याच वाटेने ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांवर मुलांनी ते दिले. तिसरीतल्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावता आल्या. 'असर' आणि 'परख' दोन्ही नमुना सर्वेक्षणे आहेत. त्यांतून राज्याचे आणि जिल्ह्याचे चित्र मिळते. गावातल्या एका शाळेबद्दल ती काही सांगत नाहीत, आणि तसा दावाही करत नाहीत.

शाळेचा आकडा मिळतो तो राज्याच्या चाचणीतून. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून तिसरीपासून पुढच्या वर्गांसाठी भाषा, गणित आणि इंग्रजीची पायाभूत चाचणी आणि त्यानंतर दोन संकलित चाचण्या होतात. प्रश्नपत्रिका सगळीकडे एकच, पण उत्तरपत्रिका शाळेतले शिक्षकच तपासतात.

इथे पटाचा प्रश्न येतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत. समजा, तिसरीत ११ मुले आहेत. म्हणजे एक मूल नऊ टक्क्यांचे. यंदा सात मुलांना हातच्याची वजाबाकी आली तर निकाल ६४ टक्के. पुढच्या वर्षीच्या अकरांपैकी दोघे दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले, चार महिन्यांची शाळा बुडवून परत आले आणि वजाबाकी पाचच मुलांना आली, की निकाल ४५. बाई त्याच, शिकवणे तेच. नॉर्थ कॅरोलिनातल्या प्राथमिक शाळांचे निकाल तपासून थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये हेच दाखवले होते. यादीत सर्वांत वर लहान शाळा जास्त दिसतात आणि सर्वांत खालीही लहान शाळाच जास्त दिसतात, कारण थोड्या मुलांची सरासरी वर्षागणिक झोके घेते. आसपासच्या शाळांच्या केंद्रबैठकीत अशा आकड्यावरून एखाद्या द्विशिक्षकी शाळेला उभे करून जाब विचारणे अन्यायाचे आहे.

गुण कोण देतो यावरही बरेच अवलंबून असते. मध्य प्रदेशात सरकारी चाचणी दिलेल्या मुलांनाच तेच प्रश्न त्रयस्थांनी पुन्हा दिले, तेव्हा सरकारी नोंदीतली कामगिरी प्रत्यक्षापेक्षा बरीच फुगलेली निघाली. वरून जाब विचारला जाणार हे माहीत असले की पेन सैल होते. यात सर्वांत जास्त नुकसान मागे पडलेल्या मुलाचे होते, कारण कागदावर त्याची अडचण उरतच नाही.

आणि ती अडचण उत्तरपत्रिकेत स्पष्ट लिहिलेली असते. ४१ मधून १३ वजा करायचे आहेत. एक मूल ३२ लिहिते: एकातून तीन जात नाहीत म्हणून त्याने तीनातून एक काढला. दुसरे ३८ लिहिते: त्याने हातचा घेतला, पण चाराचे तीन करायला विसरले. तिसऱ्याने १३ ऐवजी ३१ मांडून १० काढले. गुण तिघांनाही शून्य. पण पहिल्याला दशक सुटा करणे म्हणजे काय हे काड्यांच्या गठ्ठ्यांवर दाखवावे लागेल, दुसऱ्याला नुसता सराव पुरेल, तिसऱ्याची अडचण संख्यालेखनात आहे. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना वीस. ऐकून ५२ लिहिणारे मूल कानावर पडले त्याच क्रमाने लिहीत असते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असे वाचन दिले, त्यावर मोठा गदारोळ झाला, पण अडचण खरी होती.

पायरीवार चाचणीचा उपयोग शिकवण्यासाठी कसा होतो, याचा भक्कम पुरावा मुंबईचाच आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम'ने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच या तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून मुळाक्षरांपासून आणि अंकओळखीपासून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी निकाल तपासले, तेव्हा गुण वाढलेले दिसले आणि सर्वांत जास्त वाढ सर्वांत मागच्या मुलांची होती. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा चाचणी घेतली; बराचसा फायदा ओसरला होता, थोडा टिकला होता.