जीपगाड्यांची कालनिश्चिती
जुन्या जीपगाडीचा नमुना कोणता व ती कोणत्या काळात तयार झाली, हे तिचा सांगाडा, एंजिन, बाह्य ठेवण आणि त्यांवरील क्रमांक यांच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धती. चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविता येणाऱ्या हलक्या गाड्यांमध्ये जीप सर्वांत जास्त प्रसार पावली. तिची मूळ आकृती अनेक दशके जवळजवळ तीच राहिल्यामुळे १९४३ ची गाडी व १९७३ ची गाडी सामान्य पाहणाऱ्यास सारखीच वाटते. प्रत्यक्षात दोहोंचे अनेक भाग भिन्न असतात व ते परस्परांना बसत नाहीत. म्हणून सुटे भाग निवडणे, दुरुस्ती करणे, नोंदणीची कागदपत्रे तपासणे व गाडीचे ऐतिहासिक मूल्य ठरविणे या सर्वांसाठी कालनिश्चिती आवश्यक ठरते.

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांसारख्या प्रदेशात हा प्रश्न विशेष जटिल होतो. हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून तेथे वर्षाला सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो. शहापुरातून मुंबई–आग्रा महामार्ग कसारा घाटाकडे, तर मुरबाडमधून कल्याणचा रस्ता माळशेज घाटाकडे जातो; परंतु या मोठ्या रस्त्यांपासून दूर असलेल्या वाड्या-पाड्यांच्या वाटा दीर्घकाळ कच्च्या होत्या. चिखल, ओढे व चढ यांतून जाणारी गाडी म्हणून अशा प्रदेशात जीपचा उपयोग शासकीय कामासाठी, तसेच खाजगी प्रवासी व माल वाहतुकीसाठी झाला. दमट हवेत पत्र्याची कवची, विशेषतः तळाचा पत्रा, लवकर गंजते; खडकाळ वाटांवर पाटे व आस मोडतात. परिणामी जीप टिकते ती तिचे भाग बदलतच. एका गाडीचा सांगाडा, दुसरीचे एंजिन व तिसरीची कवची अशी सरमिसळ आढळणे हा अपवाद नसून बहुधा नियमच होय.

नमुना-वर्षाची कल्पना : अमेरिकेत मोटारगाडीचे नमुना-वर्ष हे पंचांगातील वर्षाशी तंतोतंत जुळत नाही. नव्या वर्षाचा नमुना आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच बाजारात येतो. उदा., १९५५ चा नमुना म्हणून ओळखली जाणारी सीजे-५ ही जीप १९५४ मध्येच तयार होऊ लागली होती. शिवाय जुना नमुना बंद होण्यापूर्वीच नवा सुरू झाल्याने दोहोंचे उत्पादन काही काळ बरोबरीने चालल्याचीही उदाहरणे आहेत. भारतात जीपच्या बाबतीत दरवर्षी नवा नमुना काढण्याची प्रथा नव्हती. एखाद्या भागात सुधारणा झाली की ती चालू उत्पादनात समाविष्ट होई. त्यामुळे अमेरिकन कोष्टकांवरून भारतीय जीपचे वर्ष ठरविल्यास ते अनेकदा चुकते. अशा गाडीबाबत एका वर्षाऐवजी कालावधी सांगणे अधिक योग्य ठरते.

युद्धकालीन जीप (१९४१–४५) : विलीज-ओव्हरलँड कंपनीची एमबी व फोर्ड कंपनीची जीपीडब्ल्यू हे दुसऱ्या महायुद्धातील दोन मुख्य प्रकार होत. दोन्ही मिळून सु. ६·४ लाख गाड्या तयार झाल्या. दोहोंतील पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ८० इंच (सु. २०३ सेंमी.) असून २,१९९ घ. सेंमी. धारणेचे चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन ६० अश्वशक्ती देत असे. एमबीच्या सुरुवातीच्या सु. २५,००० गाड्यांची पुढील जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. १९४२ मध्ये तिच्या जागी एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, नऊ उभ्या फटींची जाळी आली. पुढचे दिवे लहान असून जाळीच्या मागे बसविलेले असत. ते उलटे फिरवून रात्री एंजिनावर प्रकाश पाडता येई. मागील बाजूस उघडणारा फाळका नसे, राखीव चाक मागे टांगलेले असे आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असून ती भरण्यासाठी बैठक उचलावी लागे. विलीज व फोर्ड यांतील फरक सांगाड्याच्या पुढील आडव्या दांडीवरून कळतो : विलीजची दांडी नळीसारखी गोल, तर फोर्डची उलट्या पन्हळीच्या आकाराची असते. फोर्डच्या अनेक सुट्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, कंपनीचे आद्याक्षर उमटविलेले आढळते.

नागरी जीप (१९४५–५३) : युद्धानंतर शेती व सामान्य वाहतुकीसाठी विलीज कंपनीने सीजे-२ए ही जीप काढली. तिच्या जाळीला सात फटी असून दिवे मोठे व जाळीच्या पृष्ठभागावर बसविलेले आहेत. मागे फाळका आला, राखीव चाक उजव्या बाजूस गेले आणि टाकीचे तोंड डाव्या बाजूने बाहेर निघाले. आरंभीच्या गाड्यांत गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर होता. १९४६ मध्ये तो खाली तळाशी आणण्यात आला. त्यामुळे एकाच नमुन्यातील पूर्वीची व नंतरची गाडी ओळखता येते. त्यानंतरच्या सीजे-३ए (१९४९–५३) या नमुन्याची खूण म्हणजे पुढील काच. सीजे-२एमध्ये ही काच दोन तुकड्यांची होती. सीजे-३एमध्ये ती अखंड झाली व तिच्याखाली हवेसाठी झडप ठेवण्यात आली. मात्र काचेची चौकट सहज बदलता येत असल्याने केवळ या एका खुणेवर विसंबणे धोक्याचे असते.

उंच बॉनेटची जीप : सीजे-३बी (१९५३–६८) हा नमुना लांबूनही ओळखू येतो. त्यातील नव्या एंजिनाची धारणा पूर्वीइतकीच असली, तरी अंतर्ग्राही झडपा सिलिंडरांच्या वरील टोपणात व निष्कास झडपा ठोकळ्याच्या बाजूस होत्या. या रचनेमुळे शक्ती सु. ७५ अश्वशक्तीपर्यंत वाढली. परंतु एंजिनाची उंचीही वाढली. ते सामावून घेण्यासाठी बॉनेट व जाळी उंच करण्यात आली. म्हणजे येथे बाह्य आकारातील फरक शोभेसाठी नसून यांत्रिक गरजेतून आलेला आहे. अमेरिकेत या नमुन्याच्या सु. १·५५ लाख गाड्या तयार झाल्या. पुढील सीजे-५ चे बॉनेट व मडगार्ड गोलसर असल्यामुळे तिचा सीजे-३बीशी घोटाळा होत नाही. कंपनीच्या नावाची पट्टीही काळ दर्शविते : १९५३ पर्यंत विलीज-ओव्हरलँड, १९५३–६३ या काळात विलीज मोटर्स व त्यानंतर १९७० पर्यंत कायझर जीप.

भारतीय जीप : १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस आयात केलेले भाग जोडून मुंबईत विलीज जीप तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे देशी भागांचे प्रमाण वाढत गेले. सीजे-३बीचे उत्पादन अमेरिकेत १९६८ मध्ये थांबले, तरी भारतात ही घडण पुढेही चालू राहिली. जपानमध्ये मित्सुबिशी कंपनीने तर याच घडणीवर आधारलेली जीप १९९८ पर्यंत काढली. म्हणून उंच बॉनेट दिसताच गाडी १९६८ पूर्वीची आहे, असा निष्कर्ष भारतात काढता येत नाही.

भारतीय गाड्यांत दोन मोजमापे विशेष उपयोगी पडतात. पहिले आसांमधील अंतर : मूळचे ८० इंची अंतर सीजे-३बी व नंतरच्या सीजे-३४० मध्ये, तर ९१ इंची (सु. २३१ सेंमी.) अंतर सीजे-५०० व एमएम-५४० यांसारख्या लांब नमुन्यांत आढळते. दुसरे एंजिनाचे इंधन : १९७३ च्या तेलसंकटानंतर डीझेलकडे कल वाढला. १९७९ मध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीशी झालेल्या करारानंतर २,११२ घ. सेंमी. धारणेचे डीझेल एंजिन जीपमध्ये बसू लागले. शहापूर तालुक्यातून कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरी येथे कंपनीचा एंजिन कारखाना उभा राहिला. इंधनखर्च वाचविण्यासाठी जुन्या पेट्रोल जीपगाड्यांतही मागाहून डीझेल एंजिने बसविण्यात आली. त्यामुळे डीझेल एंजिन हा गाडी १९७० नंतरची असल्याचा पुरावा नव्हे. तो केवळ त्या एंजिनाचा पुरावा होय.

प्रत्येक जीप चारही चाकांनी चालतेच असे नाही. भारतात फक्त मागील चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जीपगाड्याही मोठ्या प्रमाणात विकल्या गेल्या. मूळ विलीज रचनेत गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन दांडे असतात. एकाने पुढील आसाला शक्ती जोडता येते व दुसऱ्याने गती कमी करून ओढ वाढविता येते. पुढील आसाच्या मध्यापासून एका बाजूस असलेला विभेदी दंतचक्राचा फुगीर गोळा खाली वाकून पाहिल्यास दिसतो. दांडे आहेत पण गोळा नाही, किंवा गोळा आहे पण त्याला जोडणारा दंड नाही, अशी गाडी बदललेली समजावी.

पुराव्यांचा क्रम : जो भाग बदलण्यास अवघड, त्याची साक्ष अधिक महत्त्वाची, हे कालनिश्चितीचे मुख्य तत्त्व आहे. म्हणून प्रथम सांगाडा, मग एंजिनाचा ठोकळा, गिअरपेटी व आस, त्यानंतर कवची आणि सर्वांत शेवटी दिवे, नावाच्या पट्ट्या व बैठका यांचा विचार करतात. विलीज एंजिनाचा क्रमांक ठोकळ्याच्या पुढील उजव्या भागी, पाण्याच्या पंपामागील सपाट जागेवर ठोकलेला असतो. त्याची आद्याक्षरे नमुना दर्शवितात : युद्धकालीन विलीजसाठी एमबी, सीजे-२एसाठी जे, सीजे-३एसाठी ३जे व सीजे-३बीसाठी ४जे. रिव्हेटने बसविलेली पट्टी काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते. सांगाड्यात ठोकलेल्या क्रमांकाबाबत तसे करणे कठीण असते. मात्र त्या जागी घासल्याच्या किंवा नव्याने जोडकाम केल्याच्या खुणा आहेत का, हे पाहावे लागते. निरनिराळे पुरावे परस्परविरोधी असल्यास सर्वांत जुना भाग गाडीचे वय ठरवीत नाही, तसेच सर्वांत नवा भागही ठरवीत नाही. सांगाड्याचा काळ हाच गाडीचा काळ मानून इतर भागांची स्वतंत्र नोंद करणे इष्ट असते.

कागदपत्रांचीही छाननी करावी लागते. युद्धोत्तर काळात विक्रीस निघालेल्या किंवा शासकीय खात्यांनी निर्लेखित करून लिलावात काढलेल्या गाड्यांची खाजगी नोंदणी निर्मितीनंतर अनेक वर्षांनी झालेली असू शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आल्यानंतर राज्य व जिल्हा दर्शविणारे नवे नोंदणी क्रमांक रूढ झाले. ठाण्यासाठी एमएच-०४ हा संकेत आला. जुन्या गाडीवर असा क्रमांक दिसला, तर तो नोंदणीचा काळ दाखवितो, निर्मितीचा नव्हे.

इतर गाड्या : हेच तत्त्व अन्य चतुश्चक्रचालित गाड्यांनाही लागू पडते. ब्रिटिश लँड रोव्हरच्या पहिल्या मालिकेत (१९४८–५८) आसांमधील अंतर आधी ८० इंच, १९५४ पासून ८६ व नंतर ८८ इंच झाले. दुसऱ्या मालिकेत (१९५८ पासून) कवचीच्या बाजू फुगीर झाल्या; १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिवे जाळीजवळून मडगार्डवर गेले आणि १९७१ मधील तिसऱ्या मालिकेत जाळी प्लॅस्टिकची झाली. जबलपूर येथे १९९९ पर्यंत तयार झालेली लष्करी जोंगा ही निस्सान पेट्रोल या जपानी गाडीवर आधारलेली असून तिचे सहा सिलिंडरांचे एंजिन तिला जीपपासून तत्काळ वेगळे करते.

कायदेशीर महत्त्व : केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पुराणवाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. त्यांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि सांगाडा, कवची व एंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना स्वतंत्र क्रमांकमालिका देण्यात येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून ती १० वर्षांसाठी असते. नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रु. आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पुराणवाहनांची शर्यतफेरी यांसारख्या कारणांसाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यापारी वापरास मनाई आहे.

या व्याख्येत मूळ स्वरूप राखलेली गाडी बसते. डोंगरी वाटांवर राबून, भाग बदलत टिकलेली गाडी बहुधा बसत नाही. अशा गाडीस जुने दिवे व जुन्या पट्ट्या लावून पूर्वीच्या वर्षाची भासविण्याचा मोह होतो. त्यामुळे खरेदीदाराची फसवणूक होते, न जुळणारे ब्रेक व सुकाणूचे भाग बसविले जाऊन अपघाताचा धोका संभवतो आणि गाडीचा खरा इतिहास पुसला जातो. बदललेले एंजिन किंवा जोड दिलेला सांगाडा हाही त्या गाडीने केलेल्या कामाचा व तेथील कारागिरांच्या कौशल्याचा पुरावाच असतो. म्हणून गाडीचे वर्ष ठरविताना मूळ काय व मागाहून बसविलेले काय, हे दोन्ही नोंदविणे हीच शास्त्रशुद्ध कालनिश्चिती होय.