खेळण्यातली बंदूक आणि कायद्याची नजर

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगाला, शहरातील सर्वांत मोठ्या तळ्याच्या काठी बेळ्ळंदूर वसले आहे. एके काळचे हे खेडे आज उंच गृहसंकुलांनी आणि संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांनी गजबजून गेले आहे. नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईकडून आणि नागपूर-कोल्हापुराकडून येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्याबरोबर दिवाळीचा किल्लाही आणला आहे. त्या किल्ल्याच्या बुरुजावर मातीची तोफ असते, तटावर भालाईत मावळे असतात, आणि किल्ला रचणाऱ्या बाळगोपाळांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल असते.

पुष्कळांच्या बाबतीत हा नाद बालपणाबरोबर संपतो. काहींच्या बाबतीत मात्र तो वयाबरोबर वाढतो. पत्र्याच्या जुन्या पिस्तुलांपासून आरंभ होतो. पुढे ऐतिहासिक बंदुकांच्या धातूच्या प्रतिकृती येतात, त्यांच्यासाठी काचेचे कपाट येते, आणि पाहता पाहता घरात एक लहानसे शस्त्रागार उभे राहते. त्यातून गोळी सुटत नाही, ही गोष्ट निराळी. वाचकहो, अशा संग्रहाला कायद्याची काही आडकाठी आहे काय? आणि नसेल, तर संग्राहकाने निर्धास्त असावे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी दिलासा देणारे आहे. दुसऱ्याचे मात्र तसे नाही.

कायदा काय म्हणतो?

इंग्रजी अमदानीत १८७८ साली झालेला शस्त्रांचा कायदा येथील प्रजेला निःशस्त्र ठेवण्यासाठी होता. स्वातंत्र्यानंतर तो रद्द करून संसदेने १९५९ साली नवा शस्त्र-कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. ‘शस्त्र’ कशाला म्हणावे हे सांगताना या कायद्याने काही वस्तू मुद्दाम वगळल्या आहेत. घरकामाची व शेतीची अवजारे वगळली आहेत, साधी लाठी व हातातली काठी वगळली आहे. आणि जी केवळ खेळणे म्हणूनच वापरता येते व जिचे रूपांतर कामाच्या शस्त्रात करता येत नाही, अशी वस्तूही वगळली आहे. म्हणून टिकल्यांच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, पाण्याच्या पिचकारीला लागत नाही, आणि ज्या प्रतिकृतीची नळी भरीव आहे व जिच्यातून काहीही सुटू शकत नाही, तिलाही लागत नाही.

या व्याख्येतील ‘येत नाही’ हे शब्द बारकाईने पाहण्यासारखे आहेत. वस्तू कशी दिसते, किंवा दुकानदाराने तिच्या खोक्यावर काय छापले आहे, यावर ही सवलत अवलंबून नाही. ती वस्तू काय करू शकते, यावर अवलंबून आहे. ज्या ‘खेळण्या’ची नळी थोड्या कानशीकामाने मोकळी होईल आणि जे खरे काडतूस पेलेल, ते या सवलतीच्या बाहेर पडते, मग त्याचा मालक त्याला कितीही कौतुकाने खेळणे म्हणो.

त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात ‘नकली बंदूक’ हा शब्द येतो, आणि तेथे दृष्टी पालटते. जिचे स्वरूप बंदुकीसारखे आहे अशी कोणतीही वस्तू, मग तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो, ती नकली बंदूक होय. अशा वस्तूचे रूपांतर परवान्याविना खऱ्या बंदुकीत करणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे कारावासाची शिक्षा असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. अठ्ठाविसावे कलम याहूनही लक्षात ठेवण्याजोगे आहे. कायदेशीर अटक टाळण्यासाठी कोणी बंदुकीचा, किंवा नकली बंदुकीचाही, उपयोग केला, तर त्याला सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. ‘ते तर खेळणे होते’ हा बचाव तेथे चालत नाही.

दंडविधानाचा विचारही असाच आहे. चोरी करताना समोरच्याला तत्काळ मृत्यूची भीती घातली की चोरीची जबरी चोरी होते. जुन्या दंडसंहितेत हे तत्त्व होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. भीती खरी असली की पुरे. पिस्तूल खरे असावे लागत नाही.

खेळण्यांनी पळवलेली विमाने

ही भीती किती मोठी किंमत वसूल करू शकते, याचे दोन दाखले आपल्याच देशाच्या इतिहासात आहेत. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे फॉकर विमान दोघा तरुणांनी लाहोरला नेण्यास भाग पाडले. त्यांच्यापाशी होते एक नकली पिस्तूल आणि एक लाकडी हातबॉम्ब! प्रवासी सुखरूप परतले, परंतु विमान लाहोरच्या विमानतळावर जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने आपल्या आकाशातून जाणारी पाकिस्तानी विमाने बंद केली आणि पश्चिम व पूर्व पाकिस्तानातील हवाई वाहतुकीला सिंहलद्वीपाचा दूरचा वळसा घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही देशांत युद्ध झाले.

दुसरा प्रसंग २० डिसेंबर १९७८ चा. लखनौहून दिल्लीकडे निघालेले विमान दोघा तरुणांनी वाराणसीला उतरवले. त्या वेळी तुरुंगात असलेल्या श्रीमती इंदिरा गांधी यांना सोडावे, ही त्यांची मागणी होती. दुसऱ्या दिवशी ते शरण आले, तेव्हा आढळले की त्यांची पिस्तुले खेळण्यातली होती आणि ज्याला सारे बॉम्ब समजत होते तो क्रिकेटचा चेंडू होता. त्या विमानातील माणसांची ती रात्र कशी गेली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यांच्या दृष्टीने त्या खेळण्यांत आणि खऱ्या शस्त्रांत तिळमात्र अंतर नव्हते.

म्हणूनच विमानप्रवासात हुबेहूब नकली बंदूक हातसामानातून नेण्यास मनाई आहे. बेळ्ळंदूरच्या तळ्यापलीकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानतळ आहे. बंगळूरची प्रवासी विमाने मे २००८ पर्यंत तेथूनच सुटत. आता त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला देवनहळ्ळीपर्यंत जावे लागते. दिवाळीला गावी निघालेल्या कुटुंबाने मुलाची पिशवी घरीच एकदा तपासलेली बरी. एवढा पल्ला गाठून सुरक्षा-तपासणीच्या मेजावर मुलाचे लाडके पिस्तूल सोडून देण्याची पाळी कोणावर येऊ नये.

इतर देशांचा अनुभव

हा प्रश्न अन्य देशांनाही पडला आहे. जपानात १९७१ साली असा नियम झाला की, धातूच्या नकली पिस्तुलाची नळी बुजवलेली असावी आणि ते पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाने रंगवलेले असावे. अमेरिकेत १९८९ पासून खेळण्यातील बंदुकीच्या टोकाला भडक नारिंगी खूण असणे आवश्यक आहे. ब्रिटनने १ ऑक्टोबर २००७ पासून हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांची निर्मिती, आयात आणि विक्री, काही अपवाद वगळता, बंदच केली.

रंगाची ही खूण म्हणजे शोभा नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात एक बारा वर्षांचा मुलगा बागेत प्लॅस्टिकच्या गोळ्यांची नकली बंदूक घेऊन खेळत होता. तिच्या टोकाची नारिंगी खूण निघून गेली होती. कोणीतरी पोलिसांना दूरध्वनी केला. पोलीस आले आणि गाडी थांबल्यावर दोन-तीन सेकंदांतच त्यांनी गोळी झाडली. मूल दगावले. दोष कोणाचा, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण आईच्या पदरात तिचे मूल परत आले नाही.

आपल्या शस्त्र-कायद्यात खेळण्याच्या रंगाविषयी असे कलम नाही. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्ता-आदेश अमलात आला असून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेची खूण आवश्यक झाली आहे. परंतु ती खूण मुलाला इजा होऊ नये म्हणून आहे. पाहणाऱ्याची फसगत टाळण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी तुमच्या-आमच्यावरच राहते.

खेळण्यांच्या पलीकडे

संग्राहकाची पावले पुष्कळदा खेळण्यांवरून खऱ्या वस्तूंकडे वळतात. त्या वाटेवरील तीन गोष्टी ध्यानात असाव्यात.

पहिली, हवेची बंदूक. तिला खेळणे समजू नये. २०१६ च्या शस्त्र-नियमांनी वीस जूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर व्यासाची नळी अशी मर्यादा आखली आहे. तिच्यापुढे परवाना लागतो. मर्यादेच्या आतली बंदूकही पाखरांवर रोखली, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो.

दुसरी, वाडवडिलांची बंदूक. जी जुन्या घडणीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी आहे आणि दुरुस्त करूनही चालणार नाही, तिला शस्त्र-कायदा लागू होत नाही. चालू शकणारी मात्र, कितीही जुनी असली तरी, शस्त्रच ठरते. परवानाधारक वडील वारले आणि बंदूक माळ्यावर राहिली, असे अनेक घरांत घडते. अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाहक्काने परवाना मागावा. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीनची होती. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरत असल्याने तिला परदेशी पाठवण्यासही मनाई आहे.

तिसरी, कोडगूचे उदाहरण. कर्नाटकातील या डोंगरी जिल्ह्यात कोडव समाज आणि जम्मा जमीनधारक यांना परवान्याच्या अटीतून सूट आहे आणि ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. कैलपोद सणाला तेथे बंदुकीची पूजा होते, जशी आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची होते. ही सूट त्यांच्या परंपरेसाठी दिलेली आहे. शेजारच्या जिल्ह्यातील हौशी संग्राहकाने तिचा आधार घेऊ नये.

संग्राहकाने काय करावे?

पथ्ये थोडी आहेत आणि अवघड नाहीत. प्रत्येक प्रतिकृतीची पावती जपून ठेवावी. टोकाला रंगीत खूण असेल तर ती खरवडू नये. नसेल तर रंगीत बूच बसवावे. नळी मोकळी करण्याचा प्रयोग कुतूहलानेही करू नये. परदेशातून वस्तू मागवण्यापूर्वी ती शस्त्राच्या व्याख्येत बसत नाही ना, याची खात्री करून घ्यावी, कारण शस्त्राच्या आयातीला परवाना लागतो. प्रतिकृती रस्त्यावर, आगगाडीत किंवा संकुलाच्या गच्चीवर मिरवू नये. न्यावीच लागली तर बंद खोक्यातून न्यावी. मुलांना पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावावी : खेळण्यातली बंदूकही अनोळखी माणसावर रोखायची नाही, आणि पोलिसांसमोर तर हातातही धरायची नाही.

मुलांच्या खेळातून धनुष्यबाण, तलवार आणि बंदूक हद्दपार करावी, असे आम्ही म्हणत नाही. जगदलपूरच्या गोंचा उत्सवात लोक बांबूच्या तुपकीतून रानफळे उडवून आजही जगन्नाथाच्या रथाला सलामी देतात. तुपकीकडे पाहून कोणी घाबरत नाही, कारण ती खेळणे आहे हे लांबूनही दिसते. तुमच्या कपाटातील प्रत्येक बंदुकीविषयी अनोळखी माणसाला असेच म्हणता आले, तर कायदा तुमच्या संग्रहाच्या वाटेला बहुधा जाणार नाही. आणि अंधाऱ्या जिन्यावर समोरून येणाऱ्या शेजाऱ्याच्या छातीत धस्सही होणार नाही.